बांधाखालचं हिरवं गवत

एप्रिलची अकरा तारीख. सकाळी पिंप धुवायला काढलं. दोनशे लिटरचं निळं पिंप आडवं पाडायचं, कमरेपर्यंत आत शिरायचं, काथ्याने तळ घासायचा आणि घामेजून बाहेर यायचं. पंचावन्न वर्षांच्या बाईनं असलं काम करू नये, असं सुनेचं म्हणणं. तिच्यानं पिंप नीट निघत नाही, असं माझं. तळाशी बोटभर गाळ बसला होता. फेकण्याआधी चिमटीत धरून चोळून पाहिला. पिवळट होता. मग फेकला.

“आई, दर वेळी गाळात काय बघता?”

“रंग.”

“सोनं निघतंय का?”

“निघालं तर तुला पाटल्या करते.”

ती हसत आत गेली. तेवढ्यात नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून गल्लीत आली. कालव्याच्या उन्हाळी आवर्तनाचं पाणी मिळालं आहे, साठवण तलाव पूर्ण क्षमतेनं भरला आहे, तरी नागरिकांनी पाणी काटकसरीनं वापरावं. पुढच्या चौकात तेच, त्याच्या पुढच्या चौकात तेच. शेजारणीनं हात जोडले. मीही खूश व्हायला हरकत नव्हती. पण तलाव काठोकाठ भरला असं ऐकलं की मला आधी वरचं पाणी दिसत नाही. बांधाच्या खालची बाजू दिसते.

आमच्या भागात, बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या पट्ट्यात, एप्रिल हा पाण्याकडे बघण्याचा महिना. कालव्याला पाणी सुटलं का, फाट्यावर कुणाची पाळी, टेलच्या, कालव्याच्या शेवटाकडच्या लोकांना मिळालं का, पारावर दुसरा विषय नसतो. तिकडे पळसदेवला उजनीचं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि लोक गाड्या काढून ते बघायला जातात. माझी मावशी तिथलीच. ती म्हणायची, “पाणी उतरल्यावर दिसतं ते सगळी बघत्यात. पाणी चढताना काय होतंय ते कोन बघतंय?” तिचं घर त्या पाण्याखाली गेलं होतं, त्यामुळे तिला असं बोलायचा अधिकार होता. मला तो नंतर मिळाला.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. त्या वेळची बरीच माणसं अजून आहेत आणि मला कुणाशी नव्यानं भांडायचं नाही. जुनं भांडण पुरे आहे. छोटं शहर, त्याची नगरपालिका, आणि शहराबाहेर माळावर नगरपालिकेचा साठवण तलाव. कालव्याचं पाणी आलं की तो भरून घ्यायचा आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत पुरवायचा. तलाव म्हणजे तीन बाजूंनी चढ आणि चौथ्या बाजूला मातीचा लांबलचक बांध. आतल्या अंगाला दगड बसवलेले, बाहेरच्या अंगाला गवत. त्या गवताच्या पायथ्यापासून शंभर पावलांवर आमची वस्ती. पूर्वी मेंढरं राखणाऱ्या माणसांची तीसेक घरं. मेंढरं हळूहळू गेली, कुणी शेती केली, कुणी कारखान्यात लागलं, कुणी ट्रॅक्टरवर. माझं माहेर शेळगावचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या दिवशी सासऱ्यांनी घर दाखवायच्या आधी बांध दाखवला होता.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. बांधाचं काम चाललं होतं तेव्हा मातीचे थर दाबायला रोलर मिळेना. मग ठेकेदारानं आबांची दोनशे मेंढरं लावली. मातीचा एक थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, आणि मेंढरं त्यावरून दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. मेंढराचा खूर बारीक, खोल रुततो, माती आतून दाबतो. आबांनी हे कुणाकुणाला सांगितलं नसेल. संध्याकाळी बांधावर घोंगडं टाकून बसायचे आणि जाणाऱ्याला हटकून सांगायचे, “ही भिंत माझ्या मेंढरांनी दाबलीय. हिला काय व्हत न्हाय.” मेंढरं संपली होती, पण भिंत होती. माणसाला म्हातारपणी दाखवायला काहीतरी लागतं.

मी सांगते आहे तो उन्हाळा नव्वदच्या दशकातला, मधल्या वर्षांतला. माझं वय सत्तावीस. वस्तीवरची अंगणवाडी मी चालवायची. एका पत्र्याच्या खोलीत बावीस मुलं. गाणी, खिचडी, महिन्याला वजन. वजनाचा एकच धडा मी त्या कामात शिकले: एका दिवसाच्या काट्यावर काही कळत नाही, ओळीनं मांडल्यावर कळतं. मूल डोळ्यांना गुटगुटीत दिसतं आणि तक्त्यावर दोन महिने खाली चाललेलं असतं. आया माझ्याशी भांडायच्या. “माझं प्वार चांगलं खातंय की.” मी तक्ता पुढे करायची.

त्या वर्षी पुढचं आवर्तन लांबणार अशी बातमी होती. म्हणून नगरपालिकेनं तलाव भरून घेताना सांडव्यावर वाळूची पोती रचली आणि नेहमीपेक्षा हातभर पाणी जास्त अडवलं. गावाला केवढं कौतुक. अध्यक्षांनी नारळ फोडला. संध्याकाळी लोक पोरंबाळं घेऊन बांधावर फिरायला येऊ लागले, भेळेची गाडी लागली. पाणी इतकं वर की काठावर बसून पाय बुडवता यायचे. आबांचं घोंगडं त्या दिवसांत रिकामं म्हणून कधी नव्हतंच, ऐकणाऱ्यांची रांग.

मी खालच्या बाजूला असायची. घरात दोन शेळ्या होत्या, त्यांच्यासाठी बांधाच्या पायथ्याचं गवत कापून आणायचं. एप्रिल निम्मा सरला की ते गवत वाळून तांबडं पडतं, विळ्याला कुरकुर वाजतं. त्या वर्षी एका जागी मात्र घोंगडीएवढा तुकडा हिरवागार राहिला. लुसलुशीत हरळी. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दोन दिवस मी तिथलंच गवत कापलं आणि जावेला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी विळ्याचं टोक जमिनीत गेलं आणि ओलं बाहेर आलं. पाय ठेवला तर टाच रुतली. गवत बाजूला सारलं तर करंगळीएवढी धार. आवाज नाही, काही नाही. येत होती आणि पुढच्या खड्ड्यात जिरत होती.

तो खड्डा आमचा होता. हे इथंच सांगून टाकते, नंतर सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. आमच्या वस्तीतली घरं मातीची. घट बसायच्या आधी घर सारवायचं, चुली नव्या घालायच्या. त्यासाठी चिकण पिवळी माती लागते आणि ती बांधाच्या पायथ्याला अगदी लोण्यासारखी मिळायची. भाद्रपद संपता संपता एक दिवस ठरवून सगळ्या बायका पाट्या, कुदळी घेऊन तिथं जायच्या. भाकरी बांधून न्यायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. वर्षातला तो आमचा हक्काचा दिवस. मी सात वर्षं खणत होते, बाकीच्या माझ्या आधीपासून. दर वर्षी पाऊल पाऊल आत. धरणाचा पाय आपण उकरतो आहोत, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. बांध म्हणजे डोंगरासारखा वाटायचा. डोंगराची पाटीभर माती काढली म्हणून काय होतं?

घरी येऊन आबांना सांगितलं. ते पानाला चुना लावत होते.

“वस्तीच्या मोरीचं पानी आसंल.”

“मोरी खाली हाय आबा. मोरीचं पाणी वर चढतंय का?”

“मग दव पडलं आसंल.”

“एप्रिलात?”

“सुमन, त्या भिंतीवरनं माझी दोनशे मेंढरं म्हैनाभर फिरल्यात. तू जन्मली न्हवतीस.”

“जन्मले होते. शाळेत जात होते.”

 चुना जास्त झाला म्हणून आबांनी पान टाकून दिलं. माझे यजमान तेव्हा माळेगावला साखर कारखान्यात होते, हंगाम उरकेपर्यंत तिकडेच. त्यामुळे मधे पडायला कुणी नव्हतं. बरंच झालं. मधे पडणारा माणूस असला की भांडण लांबतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत जाऊन आले आणि चौथ्या दिवशी पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर आले. तरुण माणूस, वाईट नव्हता. चपला काढून चिखलात उतरला, एवढं कुणी साहेब करत नाही. त्यानं धार पाहिली, मग खड्डे पाहिले. एक, दोन, सात. भोवती वस्तीतल्या बायका जमल्या होत्या.

“हे कुणी केलं?”

सगळ्या एकदम आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. पारूबाई म्हणून आमच्यात सगळ्यात म्हातारी होती. ती म्हणाली, “डुकरं उकरत्यात साहेब.”

“डुकरं कुदळीनं उकरतात?”

“आमी उकरलं,” मी म्हणाले. “चुलीला माती नेतो. दर वर्षी.”

“मग तक्रार कसली करता? बांधाचा पाय तुम्हीच कापलाय.”

“कापलाय. पण पाणी आता येतंय, त्याचं काय करायचं ते सांगा.”

तो धार न्याहाळत राहिला. म्हणाला, मातीच्या प्रत्येक धरणाला थोडा पाझर असतो. पाणी स्वच्छ येतंय तोवर काळजी नाही. गढूळ यायला लागलं तर समजायचं की पाणी येताना माती घेऊन येतंय, आतून पोखरतंय. “गढूळ आलं तर सांगा,” असं म्हणून तो गेला. आम्हाला गप्प बसवायला म्हणाला असेल. मी ते काम सांगितलंय असं धरलं.

तो वळल्यावर पारूबाईनं मला धरलं. “तुला कुनी इचारलं व्हतं गं? डुकरांवर भागलं व्हतं की.”

“डुकरांनी धार बुजवली असती का?”

“जास्त शिकली की अशी हुती बघ,” ती बाकीच्यांना म्हणाली. दहावी म्हणजे आमच्याकडे तेव्हा जास्तच होतं.

पाण्याचा रंग ठेवायला काच लागते. प्लास्टिकमधून खरं दिसत नाही. फुकट काचेच्या बाटल्या मिळण्याचं एकच ठिकाण होतं, देशी दारूच्या दुकानाची मागची बाजू. भर दुपारी पिशवी घेऊन गेले आणि वीस क्वार्टर वेचून आणल्या. रस्त्यात दोघं भेटले, दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. घरी त्या राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या. रोज सकाळी अंगणवाडीला जायच्या आधी धारेखाली एक भरायची, चिकटपट्टी लावून वार लिहायचा आणि खिडकीत ठेवायची. दुसऱ्या दिवसापर्यंत जे बसायचं ते तळाशी बसलेलं असायचं. गिलासभर पाण्यात किती माती येते ते कळायचं. वजनाच्या तक्त्यासारखंच.

पहिल्या तीन बाटल्या जवळपास स्वच्छ. चौथ्या दिवशी तळाला पिवळी रेघ. पाचव्या, सहाव्या दिवशी ती जाड झाली. मी ओव्हरसियरला सांगितलं. तो म्हणाला, पिवळी म्हणजे तुमच्याच खड्ड्यातली. त्याचं चूक नव्हतं. सातवी, आठवी तशीच. मुलं खिडकीत वाकून बघायची. एकीनं विचारलं, “बाई, औषद हाय का ह्ये?” मी हो म्हणाले.

त्या दिवसांत मी मुलांना शिकवताना बांधाकडे पाठ करून बसायची नाही. पत्र्याच्या खोलीच्या दारातून बांध दिसायचा, आभाळाचा खालचा निम्मा भाग त्यानंच व्यापलेला. त्याच्यापलीकडे माणसं भेळ खात होती. माझ्या डोक्याच्या किती वर पाणी उभं आहे, याचा हिशेब मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही. बावीस मुलं, त्यांतल्या नऊ जणांना धड पळताही येत नव्हतं. भीतीपेक्षा मला चीड जास्त आली होती. वर पाणी बघायला गाव आणि खाली धार बघायला मी एकटी. हे वाटप कुणी केलं?

नववी बाटली बुधवारची. गुरुवारी सकाळी आबा खिडकीशी चहा पीत बसले होते. ऊन बाटल्यांमधून येत होतं. माझ्या बाटल्यांकडे ते कधी बघत नसत. घरात दारूच्या बाटल्या मांडल्या म्हणून आठवडाभर फुगून होते. त्या दिवशी त्यांचा कप अर्ध्यावर थांबला. उठले, नववी उचलली, उजेडाला धरली. तळाला पिवळी रेघ होती आणि तिच्यावर केसाएवढी काळी.

त्यांनी पाणी हलक्या हातानं ओतून टाकलं, तळाचं तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं. पुन्हा चोळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ही हितली माती न्हाय.”

“मग?”

“तुझ्या म्हायेरची हाय. शेळगावच्या शिवारातनं गाड्यांनी आनली व्हती. भिंतीच्या पोटात भरायला. वरनं खालनं मुरूम आन् पिवळी, मदी ही काळी. काळी पानी आडवती.” मग तळहाताकडे बघत म्हणाले, “हिच्यावरच माझी मेंढरं फिरली.”

एवढं बोलून त्यांनी हात धुतला नाही. तसाच कोपरीच्या बाहीला पुसला, फेटा बांधला, काठी घेतली. “चल. समद्या बाटल्या घे.”

आबांचं कौतुक करायची माझी सवय नाही. हयातभर आमचं वाजत आलं. पण वीस वर्षं ज्या भिंतीच्या जोरावर माणूस ताठ बसला, तिचं पोट फुटलंय हे त्यानं स्वतःच्या तोंडानं गावात जाऊन सांगायचं, हे सोपं नव्हतं. रस्ताभर ते माझ्या पुढे चालत होते आणि एकदाही बांधाकडे वळून पाहिलं नाही.

नगरपालिकेत पाणी कमी दाबानं येतंय म्हणून तक्रारीला आलेली माणसं उभी होती. मी ओव्हरसियरच्या टेबलावर नऊ क्वार्टर ओळीनं मांडल्या. मागे कुणीतरी खाकरलं.

“बाई, हे काय?”

“पाणी. बाटल्या तुमच्या गावातल्या, पाणीबी तुमचंच.”

त्यानं एकेक बाटली उचलून पाहिली. आबांनी रिकाम्या नवव्या बाटलीऐवजी आपली बाही पुढे केली. काळा डाग वाळला होता. ओव्हरसियरनं त्या डागावर बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला की पाणी निदान सहा फूट उतरवावं लागेल, ओढ्याकडचा व्हॉल्व्ह उघडून. पण त्याला वरून हुकूम पाहिजे, आणि पुढचं आवर्तन अजून चाळीस दिवस लांब.

हळू बोलला तरी ऐकू गेलं. तक्रारीला आलेली माणसं एकदम पुढे सरकली.

“काय? भरलेलं पाणी ओढ्याला सोडायचं?”

“कुनासाठी? ह्या तीस घरांसाठी?”

“बांधाखाली ऱ्हायला कुनी सांगितलं हुतं?”

“वस्ती आधीची हाय,” मी म्हणाले. “बांध मागनं आला. त्याला आमच्या डोक्यावर बसायला कुनी सांगितलं ते इचारा.”

“आन् उकरला कुनी?” मागून एकजण म्हणाला. बातमी पोचली होती.

“मीच उकरला. मी आन् आमच्या बायकांनी. त्याची काय शिक्षा असंल ती मला द्या. बावीस पोरांना देऊ नका.”

आबा खाली फरशीवर बसले. काठी आडवी ठेवली. “माझ्या मेंढरांनी दाबलीय ती,” ते म्हणाले, आणि या वेळी आवाजात नेहमीचा ताठा नव्हता. “मीच सांगतोय, ती जानार. मग तुमास्नी पानीबी न्हाय आन् आमीबी न्हाय.”

हुकूम काही आला नाही. साहेब पुण्याला, अध्यक्ष लग्नाला. उद्या बघू, परवा बघू. मी घरी आले आणि आयांना सांगून टाकलं की उद्यापासून अंगणवाडी नगरपालिकेच्या व्हरांड्यात भरेल.  पारूबाई म्हणाली, “हिचं डोस्कं फिरलंय,” आणि सकाळी सगळ्यांच्या आधी दोन नातवंडं काखेत घेऊन तीच तयार होती.

शुक्रवारी दहाला आम्ही व्हरांड्यात सतरंजी अंथरली. वजनकाटा खिडकीच्या गजाला टांगला. खिचडीचं पातेलं जिन्याखाली. मुलांनी गाणी सुरू केली. आत बैठक चालली होती. बावीस मुलं एका आवाजात गातात तेव्हा बैठक चालत नाही. मुख्याधिकाऱ्यांचा शिपाई आला, मग हेडक्लार्क आले.

“बाई, हे नियमात बसत नाही.”

“पोरं तर बसलीत.”

“अंगणवाडीची जागा वस्तीवर मंजूर आहे.”

“जागा पाण्याखाली जायची हाय. तुमी लिहून द्या की जानार न्हाय, आत्ता उचलते पोरं.”

लिहून द्यायला कुणी पुढे आलं नाही. सही करायची म्हटलं की माणसाला खरं आठवतं. दुपारपर्यंत तीन मुलांनी व्हरांडा ओला केला, एकानं जावक रजिस्टरवर हळदीचा पंजा उमटवला. शनिवारीही आम्ही गेलो. रविवारी कचेरी बंद, तरी गेलो. सोमवारी सकाळी मुख्याधिकारी स्वतः व्हरांड्यात आले, मुलांमधून वाट काढताना एकाच्या हातावर पाय पडता पडता वाचला, आणि तसेच जीपमध्ये बसून तलावावर गेले. दुपारी व्हॉल्व्ह उघडला.

तीन दिवस ओढा वाहत होता, मे महिन्यात. खालच्या शेतकऱ्यांची चैन झाली. गावाची झाली नाही. दिवसाआड येणारं पाणी पाचव्या दिवसावर गेलं, मग टँकर आले. टँकरच्या रांगेत मी घागर घेऊन उभी राहिले की पुढच्या बाया मागे वळून बघायच्या. “हीच ती. हिनं सोडलं पाणी.” एकीनं माझी घागर पायानं बाजूला सरकवली. मी ती उचलून पुन्हा तिथंच ठेवली. भांडले नाही. तिच्याही घरात पोरं होती आणि तिनं बाटल्या पाहिल्या नव्हत्या. पण रांगेतून हटलेही नाही. पाच आठवडे हे चाललं. माफी मागावी असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

पाणी उतरल्यावर ओव्हरसियरनं धारेच्या तोंडाशी आधी बारीक वाळू, मग खडी, मग मोठे दगड असे थर घातले. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आमचे सातही खड्डे मुरूम घालून दाबून बुजवले. पाट्या आम्हीच वाहिल्या, सगळ्या बायकांनी. पहिला थर टाकायच्या आधी त्यानं धारेत बांबू घातला. बांबू त्याच्या उंचीपेक्षा जास्त आत गेला आणि कशालाच टेकला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. कामावरचे गडी लांब होते. त्यानं बांबू हळूच बाहेर ओढला आणि मोडून टाकला.

पुढे त्याचा अहवाल झाला. त्यात बांबू नव्हता. ‘किरकोळ पाझर. कारण, वस्तीतील महिलांनी बांधाच्या पायथ्याची माती उकरली.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. सांडव्यावर पोती कुणी रचली, तेवढं लिहायचं राहिलं होतं. आमचा वाटा आम्ही कबूल केला होता, तोंडावर, सगळ्यांसमोर. दुसऱ्यांच्या वाट्याची ओळ कागदावर आलीच नाही. मी त्याला तसं म्हणाले. तो म्हणाला, “बाई, पाणी उतरलं ना?” उतरलं होतं. त्याची वर्षभरात बदली झाली. मला त्याचा राग नाही, पण त्याची ती ओळ मी विसरलेली नाही.

गावात अजून लोक म्हणतात, त्या बाईमुळं एक उन्हाळा कोरडा गेला, बांधाला तर काही झालं नाही. त्यांना काय सांगायचं? काही झालं नाही, हेच तर करायचं होतं. फुटला असता तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं आणि ते ऐकायला वस्ती उरली नसती. त्या बावीस मुलांतली काही आता माझ्या सुनेच्या वयाची आहेत. एक परवा बाजारात भेटला, पोट सुटलेलं, मोबाइलवर कुणावर तरी ओरडत होता. मला ओळखलं नाही. ठीक आहे. तो ओरडत होता, हे पुरेसं होतं.

आबांनी त्यानंतर बांधावर बसणं सोडलं नाही, फक्त बाजू बदलली. पाण्याकडे तोंड करून बसायचे, ते खाली गवताकडे तोंड करून बसू लागले. जाईपर्यंत.

त्या पावसाळ्याच्या आधी नगरपालिकेनं शेवटचं काम केलं ते हे. पायथ्याला काटेरी तार ओढली आणि लोखंडी पाटी लावली: ‘बांधावर व बांधाच्या पायथ्याशी येण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ आमच्यासाठीच होती. उकरणारे हात अडवले, ते बरोबरच. पण तेच हात गवत कापत होते आणि गवत कापणाऱ्यालाच कुठं हिरवं आहे ते दिसतं. तारेच्या बाहेरून ते दिसत नाही. वीस पावलांवरून सगळंच गवत सारखं.

हे सगळं आज पिंप धुता धुता मनात फिरत होतं. दुपारी पिंप उपडं टाकून वाळवलं, संध्याकाळी नळाला पाणी आलं, भरून घेतलं. सुनेला म्हणाले, उद्या सकाळी चहाला थांबू नको.

आम्ही गावात राहायला येऊन बरीच वर्षं झाली. बारा तारखेला उजाडल्या उजाडल्या रिक्षानं वस्तीवर गेले. आता तिथं बहुतेक घरं सिमेंटची झाली आहेत, आमच्या खोलीच्या जागी अंगणवाडीची पक्की इमारत आहे. तार मधे मधे तुटलेली, पाटी गंजून नारिंगी झालेली. मी साडीचा काठ खोचला, वाकून तारेखालून आत गेले आणि पायथ्यानं चालायला सुरुवात केली. गवत वाळलेलं, पायाखाली कुरकुरत होतं. जुन्या दगडांशी थांबून बसले. दगडांमधून थोडं पाणी येत होतं. ओंजळीत धरलं. तळहाताच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. पुढे अजून निम्मा बांध बघायचा होता.

वरून नवा वॉचमन ओरडला. तरुण होता, खाकी शर्टाची बटणं लावत खाली आला.

“ओ मावशी, हितं यायचं न्हाय. बोर्ड वाचला न्हाय का तुमी?”

“वाचलाय,” मी म्हणाले. “लावला तेव्हाच.”

आणि पुढे चालू लागले.